कर्करोगाची जन्मवेळ

मूत्रपिंडाच्या कर्करोगाचं निदान बहुतेकांच्या बाबतीत साठीच्या आसपास होतं. या कर्करोगाचा जो प्रकार सर्वांत जास्त आढळतो, त्यातल्या जवळजवळ प्रत्येक गाठीत तिसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राची आखूड बाजू गहाळ असते. २०१८ साली ‘सेल’ या नियतकालिकात ३३ रुग्णांच्या गाठींतले ९५ नमुने तपासलेला एक अभ्यास आला. तिसऱ्या गुणसूत्राचा तुकडा गळणं आणि त्याच झटक्यात पाचव्याचा तुकडा वाढणं, अशी जोडघटना ज्यांच्यात दिसली त्यांच्यात ती साधारणपणे बालपणी किंवा किशोरवयातच होऊन गेली होती, असा त्याचा निष्कर्ष होता. माणूस शाळेत होता तेव्हा सुरुवात झाली. गाठ कळली ती नातवंडं झाल्यावर.

हे कुणी पाहिलं? कुणीच नाही. त्या वयात त्या मुलांची मूत्रपिंडं तपासायचं काही कारण नव्हतं आणि तपासली असती तरी एका पेशीतली मोडतोड कुणाला दिसणार होती? तारीख निघाली ती निव्वळ आकडेमोडीतून. गेल्या पंधरा-वीस वर्षांत अशा तारखांचं पीकच आलं आहे. स्वादुपिंड, आतडं, रक्त, स्तन, बीजवाहिनी, प्रत्येकाच्या कर्करोगाची सुरुवात कधी झाली याची कुणी ना कुणी वर्षं सांगितली आहेत. त्या निघतात कशा, त्यांवर किती विसंबावं, आणि ज्याच्या अंगात कर्करोगाच्या अलीकडची अवस्था आज आहे त्याला त्यांचा उपयोग काय, हे तपासण्यासारखं आहे. माझं मत आधीच सांगून ठेवायला हरकत नाही. बदलांचा क्रम आणि त्यांच्यातलं अंतर यांवर बराच भरवसा ठेवावा, नेमक्या सालावर बेतानं ठेवावा, आणि पुढचं भाकीत तर त्याच माणसाचे नमुने वेळोवेळी घेतलेले असतील तरच मनावर घ्यावं.

आकडेमोड करायचीच कशाला, नुसतं लक्ष ठेवून पाहता येणार नाही का, असा प्रश्न कुणालाही पडेल. कर्करोगपूर्व अवस्था सापडल्यावर उपचार न करता पाहत बसणं माणुसकीला धरून नाही, आणि तरीही ते एकदा घडलं आहे. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलात हर्बर्ट ग्रीन या स्त्रीरोगतज्ज्ञानं १९६० आणि ७० च्या दशकांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगपूर्व अवस्थेतल्या काही बायकांवर पुरते उपचार केलेच नाहीत. ही अवस्था कर्करोगापर्यंत जातेच असं नाही, असं त्याचं मत होतं. आपल्यावर उपचार होत नाहीयेत, याची बायकांना कल्पना नव्हती. १९८७ मध्ये न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांच्याकडे चौकशी सोपवली गेली आणि देश हादरला. पुढे २००८ मध्ये जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या. ज्यांची निदानापुरती बायोप्सी काढून पुढे काही केलं गेलं नव्हतं अशा १४३ जणींपैकी सुमारे ३१ टक्क्यांना तीस वर्षांत कर्करोग झाला होता. नीट उपचार मिळालेल्या ५९३ जणींत हेच प्रमाण ०.७ टक्के होतं.

कर्करोगपूर्व अवस्थेच्या वाटचालीबद्दल इतका थेट पुरावा दुसरा क्वचितच असेल, आणि तो मिळवायची रीत पुन्हा कुणी अवलंबू नये अशीच आहे. पण त्या ३१ टक्क्यांची दुसरी बाजूही पाहा. काहीही न करता तीस वर्षं गेली, तरी दोनतृतीयांशांहून अधिक जणींना कर्करोग झाला नाही. हे विसरून पुढचं काहीच नीट समजत नाही.

संख्याशास्त्रज्ञांना या प्रश्नात शिरकाव मिळाला तो मृत्यूच्या नोंदवह्यांतून. तेव्हा डीएनएची रचना नुकती कळली होती, जनुकं वाचायची सोय नव्हती. १९५४ मध्ये पीटर आर्मिटेज आणि रिचर्ड डॉल यांनी इंग्लंड-वेल्समधल्या मृत्यूंचे वयवार आकडे घेऊन पाहिलं. अनेक कर्करोगांत मृत्युदर वयाच्या सुमारे सहाव्या घाताच्या प्रमाणात वाढत होता. वय चाळीसवरून ऐंशीवर गेलं की दर दुप्पट होत नाही, चौसष्टपट होतो. एकाच पेशीत एकामागून एक सात घटना घडाव्या लागत असतील आणि प्रत्येकीची शक्यता दरवर्षी सारखीच असेल, तर गणितानं नेमका असाच वक्र मिळतो. म्हणून सात टप्पे. (हे तेच डॉल, ज्यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांची सांगड घातली.)

वक्र जुळला म्हणजे कारण सापडलं असं होत नाही, ही गोम त्या दोघांनाही ठाऊक होती. तीनच वर्षांनी त्यांनी दुसरा लेख लिहून दाखवलं, की टप्पे दोनच धरले, पण पहिल्या टप्प्यानंतर पेशी वाढत जातात असं मानलं, तरी आकडे तितकेच चांगले बसतात. १९७१ मध्ये आल्फ्रेड नूडसन यांनी लहान मुलांच्या डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगाच्या अवघ्या ४८ रुग्णांवरून दोन घाव पुरेसे आहेत असं अनुमान काढलं. आनुवंशिक रुग्णांत पहिला घाव जन्मतःच बसलेला, म्हणून रोग लवकर. इतरांत दोन्ही घाव आयुष्यात बसायचे, म्हणून उशीर. त्या जनुकाचा पत्ता लागायला आणखी पंधरा वर्षं गेली आणि अनुमान खरं ठरलं.

दोन टप्प्यांच्या कल्पनेला पक्कं गणिती रूप दिलं ते मुंबईत वैद्यकीचं शिक्षण घेऊन पुढे अमेरिकेत गणितात डॉक्टरेट केलेल्या सुरेश मूळगावकर यांनी, आधी डेव्हिड व्हेन्झन यांच्यासह १९७९ मध्ये आणि मग नूडसन यांच्यासह १९८१ मध्ये. पहिला बदल, मग त्या बदललेल्या पेशींची संतती वाढत जाणं, काहींचं मरून जाणं, आणि त्या जमावातल्या एखादीत दुसरा बदल. यात मधला जमाव म्हणजेच कर्करोगपूर्व अवस्था. समीकरणात तिला स्वतःची जागा मिळाली. जमाव मोठा तर दुसऱ्या घावाची शक्यता मोठी. आणि जमाव कधीकधी आपसूक नामशेषही होतो, हेही त्यात आपोआप आलं. मेख इतकीच, की नुसत्या वयवार आकड्यांवरून या प्रारूपातले सगळे दर वेगवेगळे काढता येत नाहीत. पेशी भराभर जन्मून भराभर मरत असोत की दोन्ही सावकाश होत असो, रुग्णसंख्येचा आलेख जवळपास तोच येतो. म्हणजे पेशींच्या आतून काही पुरावा येईपर्यंत हे काम एका मर्यादेपुढे जाणार नव्हतं.

तो पुरावा जनुकवाचन स्वस्त झाल्यावर आला. आपल्या प्रत्येक पेशीत वयाबरोबर डीएनएतले किरकोळ बदल साठत जातात. त्यातले बहुसंख्य निरुपद्रवी असतात, पण त्यांचा वेग बऱ्यापैकी नियमित असतो. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या मूळपेशींत दरवर्षी चाळीस-पंचेचाळीस, रक्ताच्या मूळपेशींत सतरा-अठरा. ज्यांच्यामुळे पेशी चेकाळते असे बदल मोजके; हे बाकीचे निरुपद्रवी बदल घड्याळाचं काम करतात. डीएनएच्या विशिष्ट जागी सी या अक्षराचं आपोआप टी होणं हा त्यातला सर्वांत भरवशाचा प्रकार, कारण तो तंबाखू किंवा ऊन यांवर फारसा अवलंबून नाही, वयावर आहे.

घड्याळ वाचतात कसं, ते एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. साठ वर्षांच्या रुग्णाच्या गाठीत एका गुणसूत्राची आईकडून आलेली प्रत नाहीशी झाली आणि वडिलांकडून आलेली प्रत दुप्पट झाली. दुप्पट होण्याआधी त्या प्रतीवर जे बदल साठले होते त्यांचीही नक्कल झाली, म्हणून ते आता दोन्ही प्रतींवर दिसतील. नंतरचे बदल दोहोंपैकी एकाच प्रतीवर दिसतील. मोजणीत दोन्हींवरचे ३० आणि एकेरी २० निघाले. एकेरी बदल दोन प्रतींवर मिळून साठले आहेत, म्हणजे प्रत्येक प्रतीच्या वाट्याला १०. एकूण वाट ४०, त्यातली ३० दुप्पट होण्याआधीची. पाऊण आयुष्य. घटना घडली ४५ व्या वर्षी.

आता ताळा करू. मुळात हे आकडे नशिबाचे आहेत. ३० च्या जागी २४ किंवा ३६ येणंही शक्य होतं. दोन्ही आकड्यांत त्याच प्रमाणात चढउतार धरले तर उत्तर ४५ न राहता साधारण ४० ते ४९ असं पसरतं. ही पसरण प्रामाणिक आहे आणि जास्त बदल मोजले की कमी होते. दुसरी अडचण अशी हटत नाही. गुणसूत्रांची मोडतोड झालेली पेशी पूर्वीच्याच वेगानं बदलत राहील, असं आपण गृहीत धरलं होतं. ती जास्त वेळा विभागते, तिची दुरुस्ती यंत्रणा बिघडलेली असू शकते. वेग नंतर पाचपट झाला असं मानून बघा. दुप्पट झाल्यानंतरचे १० बदल मग दोन एककांतच साठले. एकूण ३२ पैकी ३०. म्हणजे घटना ५६ व्या वर्षी. उत्तर अकरा वर्षांनी सरकलं आणि डीएनएतला एकही आकडा बदललेला नाही. पाणी मुरतं ते इथे. २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये २,६५८ कर्करोगांचा असाच हिशेब मांडणाऱ्या मोठ्या गटानं वेग वाढल्याची वेगवेगळी गृहीतकं घालून उत्तरं तपासली होती, आणि तरीही अनेक कर्करोगांतले सुरुवातीचे बदल निदानाच्या कित्येक वर्षं, काहींत दशकं, आधीचे निघाले. त्या लेखाचं महत्त्व मला या तपासणीत वाटतं. वर्तमानपत्रांत तेवढं उतरलं नाही, हा भाग वेगळा.

रक्ताच्या बाबतीत पद्धत आणखी सरस आहे, कारण तिथे एकेका मूळपेशीपासून वसाहत वाढवून प्रत्येकीचं जनुकवाचन करता येतं आणि पेशींचा वंशवृक्ष मांडता येतो. कोणती फांदी कुठे फुटली यावरून बदलाची वेळ. जेएके२ नावाच्या जनुकातला एक बदल रक्तपेशी भरमसाट वाढण्याच्या विकारांना कारणीभूत होतो. २०२१ च्या एका अभ्यासात ३४ वर्षांच्या रुग्णात तो नवव्या वर्षी आणि ६३ वर्षांच्या रुग्णात एकोणिसाव्या वर्षी झाल्याचं निघालं, अनुक्रमे दोन आणि तीन वर्षं पुढे-मागे. पुढच्या वर्षी बारा रुग्णांच्या अभ्यासात ज्यांच्यात हाच पहिला बदल होता, त्यांच्यात तो आईच्या पोटात असल्यापासून ते दहा-अकरा वर्षांच्या वयापर्यंत झालेला दिसला. आजार उमटायला सरासरी तीसएक वर्षं लागली होती. दोन वेगळ्या गटांनी वेगळ्या रुग्णांवर केलेले हिशेब एकमेकांच्या इतके जवळ आले, हे विशेष. मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगाचीही सुरुवात विशी-तिशीच्या आतली निघाली आहे.

सगळीकडे असा मेळ नाही. स्वादुपिंडाच्या कर्करोगाबद्दल २०१० चा गाजलेला हिशेब असा: पहिल्या बदलापासून पूर्ण कर्करोगी पेशी जन्मायला किमान दहा वर्षं, तिला इतरत्र पसरण्याची ताकद यायला आणखी किमान पाच, आणि त्यानंतर रुग्णाला सरासरी दोनच वर्षं. आशादायक चित्र, कारण पकडायला पंधरा वर्षं हाताशी. २०१६ मध्ये दुसऱ्या एका गटानं शंभरावर गाठींचे जनुकसंच वाचून हरकत घेतली. बऱ्याच गाठींत गुणसूत्रं एका फटक्यात फुटून वेडीवाकडी जोडली गेली होती, आणि जी जनुकं टप्प्याटप्प्यानं निकामी होतात असं मानलं जात होतं ती काही रुग्णांत एकदमच गेली होती. असं असेल तर पायऱ्या मोजून काढलेल्या वर्षांना अर्थ काय राहिला? हा वाद मिटलेला नाही. पायऱ्यांचं प्रारूप गृहीत धरलं की उत्तरही पायऱ्यांचंच मिळतं, एवढं तरी त्यानं शिकवलं.

क्रम शोधणाऱ्या प्रारूपांबद्दल थोडक्यात. शेकडो रुग्णांचे प्रत्येकी एकेकच नमुने घ्यायचे. ‘अ’ बदल ‘ब’ शिवाय सापडतो पण ‘ब’ कधीच ‘अ’ शिवाय सापडत नाही, तर ‘अ’ आधीचा. आतड्याच्या कर्करोगात एपीसी, मग के-रास, मग टीपी५३ या जनुकांतल्या बदलांचा बर्ट फोगेलस्टाईन आणि एरिक फिअरन यांनी १९९० मध्ये मांडलेला क्रम अशा रीतीनं अनेकदा पडताळून पाहिला गेला आहे. पण सगळे रुग्ण एकाच वाटेनं जातात असं यात धरलेलं असतं. दोन-तीन वेगळ्या वाटा असतील तर सरासरी काढून प्रत्यक्षात नसलेली चौथीच वाट हाती येऊ शकते.

या सगळ्या पद्धतींची खरी परीक्षा जिथे झाली ती जागा म्हणजे अन्ननलिकेचं खालचं टोक. जठरातलं आम्ल वर्षानुवर्षं वर येत राहिलं की काहींच्या अन्ननलिकेचं मूळ अस्तर जाऊन त्या जागी आतड्यासारखं अस्तर येतं. लंडनचे शल्यचिकित्सक नॉर्मन बॅरेट यांच्या १९५० च्या लेखावरून त्याला बॅरेटची अन्ननलिका म्हणतात. त्यातून कर्करोग होऊ शकतो, म्हणून रुग्णाला काही वर्षांनी पुन्हा पुन्हा एंडोस्कोपीला बोलावतात. दुर्बीण आत घालून दर एक-दोन सेंटिमीटरवर चारही बाजूंनी चिमट्यानं मांसाचा कण काढायचा, कितव्या सेंटिमीटरवरचा ते लिहायचं, बाटलीत टाकायचा. कंटाळवाणं काम आहे. पण अमेरिकेत सिॲटलला ब्रायन रीड यांच्या गटानं ते १९८० च्या दशकापासून चिकाटीनं केलं आणि एकाच माणसाचे दहा-पंधरा वर्षांत घेतलेले नमुने साठत गेले. म्हणजे तारीख मागून अंदाजानं काढायला नको. ती बाटलीवरच लिहिलेली.

या साठ्यातून २०१४ मध्ये २४८ जणांचा अभ्यास आला. ७९ जणांना पुढे कर्करोग झाला होता, १६९ जणांना नाही. न झालेल्यांच्या गुणसूत्रांत बदल होते, पण ते वर्षानुवर्षं फारसे वाढले नाहीत. झालेल्यांत निदानाच्या साधारण चार वर्षं आधी उलथापालथ सुरू झाली आणि गुणसूत्रांचा अख्खा संच दुप्पट झालेल्या पेशी दिसू लागल्या. हळूहळू चढत जाणारी रेघ नव्हती ती. बराच काळ शांत, मग एकदम. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या रिबेका फिट्झजेराल्ड यांच्या गटानं दाखवलं, की कर्करोगात सापडणारी बरीचशी बदललेली जनुकं कधीच न बिघडलेल्या बॅरेट अस्तरातही असतात. बिघाडाच्या टप्प्याशी नातं सांगणारी जनुकं दोनच निघाली, त्यातलं एक टीपी५३. कोणत्या बदलाकडे लक्ष द्यायचं आणि कोणत्याकडे काणाडोळा करायचा, हे एकदाच घेतलेल्या नमुन्यांतून कधी कळलं नसतं.

याच सिॲटलच्या नमुन्यांवर उत्क्रांतीशास्त्रज्ञांची वंशवृक्ष मांडायची साधनं वापरून २०१३ मध्ये तेरा जणांचा हिशेब केला गेला. ॲस्पिरिनसारखी दाहशामक औषधं घेत नसताना या लोकांच्या बॅरेट पेशींत गुणसूत्रांचे बदल वर्षाला सुमारे ७.८ या वेगानं साठत होते, घेत असताना ०.६ नं. एकाच माणसाची दोन काळांतली तुलना असल्यानं या आकड्यांना वजन आहे. तेरा माणसं म्हणजे तेराच, हेही खरं, आणि गोळ्या चिठ्ठ्या टाकून दिलेल्या नव्हत्या. २०१८ मध्ये अडीच हजारांवर रुग्णांच्या ॲस्पेक्ट चाचणीत आम्ल कमी करणाऱ्या औषधाची मोठी मात्रा आणि ॲस्पिरिन या जोडीला सर्वांत चांगला निकाल मिळाला. प्रारूपानं दाखवलेली दिशा बरोबर होती, परिणाम मात्र तेरापटीच्या जवळपासही नव्हता. (यावरून घरातल्या ॲस्पिरिनच्या पट्टीकडे वळू नये. तिनं रक्तस्राव होतो.)

बॅरेट कधी सुरू झालं हे तर रुग्णालाही माहीत नसतं. पहिल्या एंडोस्कोपीला ते तिथे असतंच. किट कर्टियस आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये डीएनएवर वयोमानानं साठणाऱ्या मेथिलेशन नावाच्या रासायनिक खुणांवरून अस्तराचं वय काढलं. रुग्णांचं वय सारखं असलं तरी अस्तराची वयं खूपच वेगवेगळी निघाली. जोखीम अस्तर किती जुनं यावर ठरते असं मानलं, तर सगळ्यांना सरसकट ठरावीक वर्षांनी बोलावण्यात तथ्य कमी आहे.

इथून मागे पाहणं आणि पुढे पाहणं यांतला फरक पुढे येतो, आणि मला वाटतं साऱ्या विषयाचं मर्म त्यात आहे. कर्करोग झालेल्याच्या गाठीवरून मागे हिशेब केला की पहिला बदल तीस वर्षांपूर्वीचा निघतो. ते बरोबरही असेल. पण त्यावरून पहिला बदल झालेल्याला तीस वर्षांनी कर्करोग होतो, असं निघत नाही. ज्यांच्यात तोच बदल झाला आणि काहीच झालं नाही, त्यांची गाठच नाही. ते या हिशेबात आलेलेच नाहीत. डेन्मार्कमध्ये ११ हजार बॅरेट रुग्णांचा पाठपुरावा झाला, तर कर्करोगाचं प्रमाण वर्षाला ०.१२ टक्के निघालं. हजारात एक-सव्वा. माणसांच्या निरोगी अन्ननलिकेचं अस्तर २०१८ मध्ये तपासलं गेलं, तर नॉच१ या जनुकातले बदल काही वयस्कांत अस्तराच्या निम्म्याहून अधिक भागावर पसरलेले होते, आणि तिथे कर्करोगाचा मागमूस नाही. सत्तरी ओलांडलेल्यांपैकी दहा टक्क्यांच्या रक्तात असा एखादा पसरलेला क्लोन, म्हणजे एकाच बदललेल्या पेशीची संतती, असतो, पण त्यांतल्या वर्षाला जेमतेम एखाद्या टक्क्याला रक्ताचा कर्करोग होतो.

जुळ्यांचं उदाहरण तर गणिताची मर्यादाच दाखवतं. लंडनचे मेल ग्रीव्ह्ज यांच्या गटानं बालपणीच्या रक्ताच्या कर्करोगात दोन जनुकं चुकीनं जोडली जाण्याची घटना गर्भातच होते, हे दोन मार्गांनी सिद्ध केलं. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेला आणि कागदावर वाळवून जपलेला रक्ताचा ठिपका वर्षांनंतर तपासला, तर त्यात तोच जोड सापडला. आणि एकाच वारेवर वाढलेल्या जुळ्यांत जोडाची जागा अक्षरशः एकसारखी होती, म्हणजे तो एकात होऊन रक्तावाटे दुसऱ्यात गेला. यातल्या एका जोडीत एकाला पाचव्या वर्षी आजार झाला, दुसऱ्याला चौदाव्या. तीच जनुकं, तोच पहिला बदल, तोच मुहूर्त, आणि नऊ वर्षांचं अंतर. जन्मवेळ इतकी अचूक कळूनही पुढचं सांगता आलं नसतं.

मग पुढचं सांगायचा मार्ग कोणता? फिट्झजेराल्ड आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ८८ बॅरेट रुग्णांचे पंधरा वर्षांपर्यंतच्या काळातले ७७७ नमुने घेतले, सगळे रुग्णालयांच्या कपाटांत मेणाच्या ठोकळ्यांत पडून असलेले. जनुकसंच बारकाईनं न वाचता वरवरच वाचला, गुणसूत्रांचे तुकडे कुठे कमी-जास्त झालेत एवढंच कळेल इतका. ते काम स्वस्तात होतं. या ढोबळ वाचनावर बेतलेल्या संख्याशास्त्रीय प्रारूपानं सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसायच्या दहा वर्षं आधीही बिघडणारे आणि न बिघडणारे रुग्ण बऱ्याच अंशी वेगळे ओळखले. वेळ काढणाऱ्या प्रारूपांचं मला दिसणारं सर्वांत मोठं यश हे आहे, आणि त्यातलं अर्धं श्रेय नमुने सांभाळणाऱ्या अनाम माणसांचं.

आपल्याकडे अन्ननलिकेपेक्षा तोंडाचा प्रश्न मोठा. भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचा, आणि त्याच्या आधीची अवस्था बघायला दुर्बीणही लागत नाही. आरसा आणि उजेड पुरतो. तंबाखू-सुपारीनं गालाच्या आत येणारा पांढरा चट्टा, किंवा तोंड उघडेनासं होणारा सबम्युकस फायब्रोसिस. पुढे पाहणारे अभ्यासही आपल्याकडे फार आधी झाले आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि डेन्मार्कचे जेन्स पिंडबोर्ग यांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासून १९७२ मध्ये निष्कर्ष छापले. इतर राज्यांतल्या गावांत त्यांनी दहा दहा वर्षं घरोघर पाठपुरावा केला. सबम्युकस फायब्रोसिसच्या ६६ रुग्णांवर त्यांच्या गटानं सतरा वर्षं लक्ष ठेवलं. पाच जणांना, म्हणजे ७.६ टक्क्यांना, कर्करोग झाला. डोळ्यांनी पाहून आणि वहीत लिहून मिळवलेले हे आकडे आजही जगभर उद्धृत होतात. चाळीस वर्षांनी, २०१३ मध्ये, खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रासह आणि कल्याणीच्या जीनोमिक्स संस्थेसह भारतीय गटांनी गाल-हिरडीच्या कर्करोगाच्या ११० रुग्णांत कोणती जनुकं बिघडतात ते शोधलं. पहिल्या कामात वर्षं आहेत, जनुकं नाहीत. दुसऱ्यात जनुकं आहेत, पण नमुना कर्करोग झाल्यानंतरचा. दोन्ही एकत्र आणणारी वस्तू म्हणजे त्याच तोंडातला आधीचा तुकडा.

टप्प्यांमधलं अंतर कळल्यानं काय साधतं, हे बार्शीजवळच्या बायकांनी दाखवून दिलं आहेच. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या १,३१,७४६ जणींच्या चाचणीत एचपीव्ही विषाणूची आयुष्यात एकदाच केलेली तपासणी पुरेशी ठरली. आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. संसर्गापासून कर्करोगापर्यंत बरीच वर्षं जातात, म्हणून एक तपासणीही कामाला आली. तोंडाच्या चट्ट्यांसाठी असं अंतर, माझ्या माहितीप्रमाणे, अजून कुणी जनुकांवरून काढून दिलेलं नाही.

ते काढायला नवं यंत्र लागत नाही. पांढऱ्या चट्ट्याची बायोप्सी जिथे जिथे होते, त्या दंत महाविद्यालयांनी आणि पॅथॉलॉजी विभागांनी मेणाचा ठोकळा टाकून देऊ नये. त्यावर तारीख आणि चट्टा कुठल्या गालाचा, कुठल्या जागेचा ते लिहावं, रुग्ण पुन्हा आला की दुसरा ठोकळा पहिल्याशेजारी ठेवावा, आणि त्याची परवानगी पहिल्याच भेटीत त्याच्या भाषेत समजावून घ्यावी.